सूर्यभानचा सत्कार

आमच्या बास्केटबॉलच्या मैदानाला चुन्याची रेघ कधी धड नव्हती, पण थुंकीची सीमारेषा मात्र पक्की होती. भैय्याजी कडेला खुर्ची टाकून बसायचे, पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत आम्हाला शिव्या द्यायचे आणि तोंड भरलं की मान वळवून पिचकारी मारायचे. त्यांच्या आजूबाजूला बसणारे होयबा तेच करायचे. चेंडू बाहेर गेला की त्या लाल चिखलातून घरंगळायचा. आणायला गेलेला तो चड्डीला पुसून आत फेकायचा आणि आम्ही तो दोन्ही हातांनी छातीशी धरायचो. आता माझे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी नातवाच्या हातात चेंडू दिसला की मी आधी तो फडक्याने पुसून देतो. तो हसतो. हसू दे.

भैय्याजींचं पांढरकवड्यात हमरस्त्याला लागून कृषी केंद्र होतं आणि आमच्या क्रीडा मंडळाचे ते तहहयात अध्यक्ष होते. कापसाचे ते वाईट दिवस. भाव नव्हता, शेतात अळी होती, आणि भैय्याजींच्या दुकानावर दरवर्षी नवा मजला चढत होता. आमच्या बनियनवर पाठीमागे आकडा आणि पुढे त्यांच्या दुकानाचं नाव, तेही आकड्याच्या दुप्पट मोठं. मैदान म्हणजे खरं तर गावाबाहेरच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, सिमेंटचं अंगण. चांगल्या वर्षी दिवाळी झाली की तिथे कापसाच्या गंज्या लागायच्या, दोन माणसं उंच, आणि आमचा खेळ उन्हाळ्यापर्यंत बंद. पुढे कापूस यायचा कमी झाला, अंगण मोकळं राहायला लागलं, आणि गावाचं वाटोळं होत असताना आम्हाला बारमाही मैदान मिळालं. कोपऱ्यात जुन्या सरकीचा ढीग कुजत पडलेला असायचा. पाऊस झाला की त्याचा असा आंबूस वास सुटायचा की धावताना तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही.

आमचं घर एसटी डेपोच्या मागे. बाबा डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या आधी घरात डिझेलचा वास यायचा आणि मग ते यायचे. पहाटे पहिल्या गाडीचं इंजिन घरघरायला लागलं की माय उठायची. बाबा अंथरुणातूनच कान देऊन कुठल्या गाडीला काय झालं आहे ते सांगायचे, आणि माय म्हणायची, "तिले झालं ते झालं, तुमी उठा आता." बुद्धाच्या मूर्तीपुढे अगरबत्ती, मग भाकरी थापण्याचा आवाज, मग तव्यावर मिरच्या भाजल्याचा ठसका. त्या ठसक्याने आम्ही भावंडं खोकत खोकतच जागे व्हायचो. निरोपाला आमच्याकडे चिठ्ठी लागत नसे. कंडक्टरला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मारेगाव म्हणा, वणी म्हणा, निरोप पोचलेला असायचा. सूर्यभानही असाच आला. मारेगावच्या जिनिंगमधल्या एका हमालाचा पोरगा, कॉलेजात नाव घातलं आहे, राहायला जागा नाही, असं एका कंडक्टरने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पाठवून दे." दुसऱ्या दिवशी एक काळासावळा, हडकुळा, दारात वाकून आत येणारा मुलगा ट्रंक घेऊन उभा. जय भीम म्हणाला, चप्पल नीट भिंतीला लावून ठेवली आणि मायला विचारलं, "मावशी, पानी कुठून भराचं असते?"

मायला तो तिथेच आवडला. मला आवडायला थोडा वेळ लागला, कारण माझी बाज त्याला दिली गेली आणि मी जमिनीवर आलो.

त्याची उंची पाहून मीच त्याला मैदानावर नेलं. तोवर आमचा संघ म्हणजे पिंटू, आणि त्याच्या आजूबाजूला धावणारी चार पोट्टी. पिंटू भैय्याजींचा पुतण्या. चेंडू मिळाला की पिंटूला द्यायचा, पिंटूने तो फेकायचा, बाहेर गेला की भैय्याजींनी आमच्या आया-बहिणींचा उद्धार करायचा, असा खेळ. सूर्यभान पहिल्या दिवशी आला आणि त्याने चेंडूला हातच लावला नाही. जिनिंगच्या शेडमधून खराटा शोधून आणला आणि सगळं अंगण झाडून काढलं. सिमेंटवर सरकी आणि कापसाचे पुंजके पसरलेले असायचे, पाय घसरायचा, कुणाचं ना कुणाचं ढोपर रोज फुटायचं; पण झाडावं हे आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नव्हतं. पिंटू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अबे, हे काय हमालाचं काम कराले आला का?"

"हो," सूर्यभान म्हणाला. "तू पाय उचल, तिथचं राह्यलं."

तो खेळायला लागला आणि काही दिवसांत आमच्या लक्षात आलं की हा चेंडू धरतच नाही. हातात आला की गेलेला असतो. न पाहता देतो, आणि देताना आवाज देतो, "घे!" ज्याच्याकडे येतो त्याला कळायच्या आत त्याच्याही हातून पुढे जातो, कारण ती "घे"ची हाक अशी असायची की थांबायची सोयच नव्हती. एकदा घरी जेवताना मी त्याला विचारलं की हे कुठे शिकलास. तो भाकरी मोडत म्हणाला, "शिकाले काय लागते? गंजीवर आमी एकावर एक उभे राह्यतो. खालून गठुडं आलं का वरच्याले देऊन टाकाचं. धरून उभा राह्यला का पाय कापसात रुतते, मंग मानूस गठुड्यासंगं खाली येते." सुट्टीत तो बापाबरोबर गंजीवर चढायचा. तिथला सगळा हिशेब त्याने आमच्या मैदानावर आणला होता आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आमचा संघ बदलला तो असा. सरावाआधी खराटा मारायची पाळी लागली. शिव्या कमी झाल्या, कारण शिव्या द्यायला थांबावं लागतं. ज्याला आम्ही बिनकामाचा समजायचो तो गोलंदाजासारखे हात फिरवणारा रफिक बास्केट टाकायला लागला, कारण आजवर चेंडू त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. सगळ्यात मोठं नवल पिंटूचं. एका सामन्यात समोर रिकामी रिंग असताना त्याने चेंडू मला दिला आणि स्वतःच घाबरून भैय्याजींकडे पाहिलं. यवतमाळला आम्ही तोवर हरायलाच जायचो. त्या वर्षी जिंकून आलो, आणि परतीच्या एसटीत पिंटू सूर्यभानच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला.

सूर्यभानचे वडील लक्ष्मणराव सुट्टीच्या दिवशी भेटायला यायचे. माय त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आमचे ते मामा. ठेंगणे, खांदे एका बाजूला झुकलेले, भुवयांत कापसाचा एखादा तंतू नेहमी अडकलेला. येताना अंबाडीची नाहीतर घोळीची जुडी आणायचे. माय त्याची भाजी करून त्यांनाच वाढायची आणि वर म्हणायची, "भाऊ, आनखी एक भाकर घ्या." ते ताटावर आडवा हात धरून म्हणायचे, "नाही जी बाई, पोट फुटंन," आणि घ्यायचे. पोरगा काय खेळतो हे त्यांना कळत नसे. त्यांना एवढंच समजलं होतं की जिल्ह्याची निवड झाली की पुढे सरकारी क्रीडा वसतिगृह असतं, तिथे खाणं-शिक्षण फुकट, आणि तिथून पोरगं पोलिसात नाहीतर रेल्वेत लागतं. म्हणजे गंजीवर चढावं लागत नाही. निवडीत भैय्याजींचा शब्द चालतो, हेही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. यवतमाळच्या विजयानंतर मायच्या हट्टामुळे बापलेकाने स्टुडिओत जाऊन फोटो काढला. मामा त्यात असे ताठ बसले होते की फोटोग्राफर त्यांना श्वास घ्या म्हणाला होता. तो फोटो आमच्या बैठकीत लागला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून फार लोक यायचे. पांढऱ्या गाड्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. कुणाच्या तरी अंगणात जायचे, बाईला रडायला लावायचे, रडली की कॅमेरा बंद करून पुढच्या गावाला निघायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एक जण बाईला म्हणाला होता, पुन्हा एकदा सांगा, आवाज नीट आला नाही. हे सगळं भैय्याजीही पाहत होते. फरक एवढाच की मला मळमळायचं आणि त्यांना सुचायचं.

मुंबईचे एक मोठे पाहुणे येणार होते. भैय्याजींनी जिनिंगच्या अंगणात मांडव घातला. आधी सूर्यभानचा सत्कार, मग पाहुण्यांसमोर आमचा सामना, आणि पाहुणे खूश झाले की गावाला बंदिस्त क्रीडागृह, असा बेत आम्हाला सांगितला गेला. पिंटू घरी आला आणि मायला म्हणाला, "काकू, काकाजीनं सूर्यभानच्या बाबाचा फोटो मांगितला, स्टेजवर लावाचा हाय." त्याला त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. मायने आनंदाने भिंतीवरचा फोटो काढून, पदराने पुसून दिला. आणि लगेच कंडक्टरबरोबर मारेगावला निरोप धाडला, पोराचा सत्कार आहे, भाऊ, नक्की या.

भैय्याजींनी सगळी तयारी केली होती, पण आमच्या मायच्या निरोपाचा विचार त्यांनी केला नव्हता.

मामा नव्या पांढऱ्या सदऱ्यात आले. घड्या अजून मोडल्या नव्हत्या. हातात अंबाडीची जुडी. मायबाबांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसले आणि जुडी मांडीवर ठेवली. शाळेची पोरं रांगेने आणून बसवली होती. आम्ही बनियन घालून स्टेजच्या बाजूला उभे. सूर्यभानला वर खुर्ची दिली होती आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली होती. त्याला बापाचं येणं दिसलं तेव्हा तो हसला. मग भैय्याजींनी खर्रा गालात सारला आणि एका स्टँडवरचं कापड ओढलं.

खाली मामांचा फोटो होता. सूर्यभान कापून टाकलेला, मामा तेवढे मोठे केलेले, फोटोला चंदनाचा हार, पुढे समई. मामा पुढे वाकले, डोळे बारीक केले आणि बाबांना हळूच म्हणाले, "भाऊ, माह्याच फोटो व्हय ना हा?" त्यांना आनंद झाला होता. तोवर माईकवर भैय्याजींचं सुरू झालं होतं. कापसाच्या या संकटाने ज्याचं पितृछत्र हिरावून नेलं, ज्याच्या कर्त्या बापाने शेताच्या बांधावर अखेरचा श्वास घेतला, तरी जो खचला नाही, तो हा आपला सूर्यभान. मामांच्या नावावर शेत नव्हतं. बांधही नव्हता. भैय्याजींचा गळा दाटून आला, आणि मी शपथेवर सांगतो, तो खरोखर दाटला होता. रडायचा असा सराव मी नटांकडेही पाहिलेला नाही. "स्वर्गवासी लक्ष्मणरावांच्या स्मृतीला आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली अर्पण करावी."

खुर्च्या सरकल्या. सगळा मांडव उभा राहिला, पाहुणे उभे राहिले, शाळेची पोरं उभी राहिली. आणि मामाही उभे राहिले. सगळे उठले म्हणून तेही उठले, सगळ्यांसारखी मान खाली घातली, हात जोडले. अंबाडीची जुडी त्यांच्या मांडीवरून खाली पडली. माणूस स्वतःच्या श्रद्धांजलीला उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला सगळं गाव गंभीर चेहरा करून जमिनीकडे पाहत होतं. हे लिहितानाही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

त्या शांततेत सूर्यभान बोलला. मोठ्याने नाही, आमच्या बैठकीत बोलायचा तसंच. माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, तुमी कायले उभे राह्यले? बसा."

माणसांनी माना वर केल्या. मला वाटलं, संपलं, आता भैय्याजींचं तोंड पाहण्यासारखं होणार. पण आमच्या भैय्याजींची जात वेगळी. त्यांनी माईक ओढला आणि म्हणाले, "पोराच्या मनावर फार मोठा आघात झालेला आहे. समोर आहेत ते त्याचे काका. बिचारा आता त्यांनाच बाबा म्हणतो." मांडवात हळहळ पसरली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पाहुणे स्टेजवरून उतरले, कॅमेरा त्यांच्या मागे, आणि त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले. "भावाच्या लेकराला पोटच्यासारखं सांभाळताय. फार मोठं मन आहे तुमचं."

मामांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींनी डोळ्यांनी निवडीचं, वसतिगृहाचं, रेल्वेचं सगळं सांगून टाकलं. मामा म्हणाले, "हो जी."

"थोरले बंधू होते का?"

"हो जी. मोठा होता." मग, पाहुणे हात सोडत नाहीत असं पाहून त्यांनी आणखी म्हटलं, "चांगला मानूस होता जी."

सूर्यभानने शाल काढली, तिची घडी केली, खुर्चीवर ठेवली. खाली उतरून बापाचा हात पाहुण्यांच्या हातातून सोडवला आणि त्याला घेऊन फाटकाबाहेर गेला, तो थेट मारेगावला. सामना झालाच नाही. पाहुण्यांना पुढे जायचं होतं. ते गेले तसे त्यांच्यामागे सगळे गेले, आणि आम्ही झाडून ठेवलेल्या अंगणात पत्रावळी आणि पाण्याचे ग्लास उडत राहिले. माय स्टेजवर चढली, हार काढून समईशेजारी टाकला आणि फोटो काखेत मारला. भैय्याजी म्हणाले, "वहिनी, फोटो राहू द्या, पेपरवाल्यायले पाहिजे."

"वयनी म्हनू नका मले," माय म्हणाली. "तुमच्या तोंडातून मले ते चांगलं वाटत नाही."

पेपरवाल्यांनी काढायचा तो फोटो आधीच काढला होता. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, हार, समई आणि मामांच्या नावामागे स्वर्गवासी. भैय्याजींनी आमच्या घरी सांगावा धाडला की झालं गेलं विसरा, पोट्ट्याला निवडीला आणा, त्याची जागा पक्की केली आहे. त्या निवडीला शेवटी आमच्यातलं कुणीच गेलं नाही, पिंटूसुद्धा नाही, आणि भैय्याजींचा संघ तिथेच संपला. पण तेव्हा मला वाटत होतं की काहीही करून सूर्यभानला परत आणलं पाहिजे. मी मारेगावची गाडी धरली.

त्यांच्या दारासमोर चपलांचा ढीग पाहून मी रस्त्यातच थांबलो. आत रडण्याचा आवाज नव्हता, मारण्याचा होता. लांबून पेपर वाचून माणसं आली होती. मामांची थोरली बहीण वणीपलीकडून जीपने ऊर बडवत आली होती, आणि दारात भाऊ दाढी करताना दिसला. ती त्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालत होती. "मेल्या, साऱ्या रस्त्यानं रडत आलो ना मी! पेपरवाल्यायले नाही म्हनता येत नव्हतं तुले?" मामा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मार खात होते. बाजेवर एक नवं पांढरं लुगडं पडलं होतं. सूर्यभानच्या आईच्या माहेरचे ते घेऊन आले होते, नवरा गेला की माहेरून आणतात तसं. आता ते परत न्यावं की काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्याकडे पाठ करून बसले होते. सूर्यभानची आई चुलीपाशी होती. एवढ्या लोकांना चहा तर करावाच लागणार होता.

सूर्यभान मागच्या अंगणात पाणी भरत होता. मी म्हटलं, "चाल ना बे. निवड हाय. पोट्टे वाट पाहून राह्यले."

तो पाणी भरत राहिला. मामाच गाल पुसत मागे आले. त्यांनी माझ्यादेखत पोराला हात जोडले नाहीत एवढंच. "जाय ना बाबू," ते पोराला म्हणाले. "कायले डोस्कं फिरवून घेतं? मले काय फरक पडते? तिथं मेलो त मेलो. इथं घरी त जिताच हावो ना मी."

सूर्यभानने बादली खाली ठेवली.

"मी तिथं खेळाले उतरलो का तुमाले मेलेलंच राहा लागंन, बाबा," तो म्हणाला. "तुमी राहान. मले मालूम हाय तुमी राहान."